जमवणे आणि जुळवणे

'जमवणे' अरबी 'जमा'वरून आले. 'जुळवणे'चे नाते 'जुळ्यां'शी. वस्तू एका जागी आल्या की जमल्या. जुळायला मात्र त्यांच्या कडा एकमेकींना लागाव्या लागतात. (लग्न तेवढे जमतेही आणि जुळतेही.) धुळ्यात १९२६ साली निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे जमवली, अशा दप्तरातले बिनतारखेचे पत्र कोणत्या प्रसंगाचे, हे ठरवणे म्हणजे जुळवणे. मी जळगावकडच्या एका वाड्यातले मोडी कागद जमवले आणि दोन तुकडे एकाच पत्राचे समजून छापले. कागद तसाच, अक्षराचे वळण तेच. पुढे तिसरा तुकडा निघाला, तो पहिल्याला नेमका बसला. तोवर माझ्या लेखावरून एका घराण्याने वंशावळ बदलून घेतली होती. ती अजून त्यांच्या ओसरीवर टांगलेली आहे.