मेंदू-प्रतिमांकन आणि मानसोपचाराच्या फलिताचे पूर्वानुमान

प्रस्तावना

नैराश्यावरील औषधाचा पुरेसा परिणाम दिसण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमेरिकेतील 'स्टार-डी' या व्यापक अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात (२००६) सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णच लक्षणमुक्त झाले. इतरांसाठी उपचार बदलणे किंवा जोडीला दुसरा देणे हा मार्ग उरला. या कालावधीत रुग्णाची नोकरी, शिक्षण, कौटुंबिक संबंध आणि प्रसंगी जीवितही पणाला लागते. म्हणूनच, उपचारापूर्वी घेतलेल्या मेंदूच्या प्रतिमेवरून त्याचे फलित सांगता येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात नैराश्याच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

संशोधनाची वाटचाल

पेट स्कॅनद्वारे मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो, हे मोजता येते. १९९७ मध्ये हेलन मेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, औषधाने बऱ्या झालेल्या रुग्णांत अग्र सिंग्युलेट या भागातील एका क्षेत्राची क्रियाशीलता उपचारापूर्वी अधिक होती. ज्यांना गुण आला नाही त्यांच्यात ती कमी होती.

२०१३ मध्ये एमोरी विद्यापीठातील अभ्यासाने पुढचे पाऊल टाकले. त्यात रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने एस्सिटॅलोप्रॅम किंवा बोधात्मक वर्तनोपचार देण्यात आला. उजव्या बाजूच्या अग्र इन्सुलाची क्रियाशीलता कमी असलेल्यांना वर्तनोपचाराचा, तर अधिक असलेल्यांना औषधाचा लाभ झाल्याचे आढळले. येथे प्रश्न केवळ 'रुग्ण बरा होईल काय' असा न राहता 'कोणत्या उपचाराने बरा होईल' असा झाला. मात्र हा निष्कर्ष ८२ पैकी अवघ्या ३८ रुग्णांच्या तुलनेवर आधारलेला होता. अंशतः सुधारलेले रुग्ण या तुलनेत नव्हते.

साहचर्य आणि पूर्वानुमान

दोन गटांच्या सरासरीत फरक आढळणे म्हणजे साहचर्य. समोरच्या एका रुग्णाविषयी आधीच बरोबर सांगता येणे म्हणजे पूर्वानुमान. गटांच्या सरासरी भिन्न असूनही बहुसंख्य रुग्णांची मूल्ये परस्परांत मिसळलेली असू शकतात.

दुसरी अडचण संख्याशास्त्रीय आहे. एका स्कॅनमध्ये हजारो बिंदूंची माहिती असते आणि रुग्ण मात्र काही दहांतच असतात. अशा स्थितीत केवळ योगायोगानेही 'अचूक' सूत्र सापडते. गतवर्षीच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिल्यास मिळणारे गुण त्याचे आकलन दर्शवीत नाहीत. त्याचप्रमाणे सूत्राची खरी परीक्षा अन्य रुग्णालयांतील नव्या रुग्णांवरच होते.

तिसरा मुद्दा अचूकतेच्या आकड्याचा. १०० पैकी ३३ रुग्ण लक्षणमुक्त होणार असतील, तर कोणताही स्कॅन न करता 'कोणीही लक्षणमुक्त होणार नाही' असे सरसकट म्हटले तरी ते ६७ वेळा बरोबर ठरते. म्हणून '७० टक्के अचूकता' हा दावा या आधाररेषेशी ताडून पाहावा लागतो.

या अडचणी काल्पनिक नाहीत. २०१७ मध्ये एमआरआयच्या आधारे नैराश्याचे चार उपप्रकार मांडले गेले आणि त्यांवरून चुंबकीय उत्तेजन उपचाराला मिळणारा प्रतिसाद ओळखता येतो, असे सांगण्यात आले. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकगटाने तीच पद्धत वेगळ्या रुग्णांवर वापरली असता अशा स्थिर उपप्रकारांना पुरेसा आधार मिळाला नाही. मानसोपचारातील मेंदू-प्रतिमांकनाचा आढावा घेणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञगटानेही २०१८ मध्ये, नित्याच्या निदान-उपचारात त्याचा वापर करण्याइतका पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला.

निष्कर्ष

मेंदू-प्रतिमांकनामुळे नैराश्य व उपचार यांमागील मेंदूप्रक्रियांचे आकलन वाढले आहे. परंतु एका व्यक्तीच्या उपचाराची निवड त्यावर सोपविता येईल, ही अवस्था अद्याप आलेली नाही. चुकीच्या पूर्वानुमानाची किंमत संशोधकाला नव्हे, तर रुग्णाला मोजावी लागते: 'गुण येणार नाही' असा शेरा बसल्यास उपयुक्त ठरू शकणारा उपचारच त्याला नाकारला जाईल. यास्तव मोठे नमुने, स्वतंत्र रुग्णगटांवरील पडताळणी आणि लक्षणे, पूर्वेतिहास यांसारख्या अल्पखर्चिक माहितीशी तुलना या तीन कसोट्यांवर उतरल्यानंतरच अशा चाचणीचा स्वीकार करणे उचित ठरेल.