पीएमआर डॉक्टर कोण असतो आणि त्याला शोधायचं कसं?

लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय पीएमआर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. या डॉक्टरला फिजिॲट्रिस्ट म्हणतात. घरात गरज पडेपर्यंत हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडलेलंच नसतं.

म्हणजे बघा. कुणाला स्ट्रोक झाला, बाइकवरून पडून मणक्याला मार बसला किंवा शुगरमुळे पाय काढावा लागला, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट किंवा सर्जन जीव वाचवतात. मग डिस्चार्ज मिळतो आणि कागदावर एक ओळ असते: 'फिजिओथेरपी चालू ठेवा.' खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. लघवीची नळी किती दिवस ठेवायची? झोपून झोपून पाठीला जखम होतेय, काय करू? व्हीलचेअर कोणती घेऊ? कामावर परत जाता येईल का? हे सगळे प्रश्न एकत्र बघणारा डॉक्टर म्हणजे पीएमआरवाला.

फिजिओथेरपिस्ट आणि हा, फरक काय?

फिजिओथेरपिस्टची डिग्री बीपीटी. व्यायाम, चालणं, तोल सांभाळणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्याशिवाय पान हलत नाही. पीएमआर डॉक्टर एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी करतो. तो औषधं देतो, इंजेक्शन देतो, स्प्लिंट किंवा कृत्रिम पाय लिहून देतो आणि फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी यांची मोट बांधतो.

माझ्या मामाचं उदाहरण देतो. स्ट्रोकनंतर त्याच्या डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळली की नखं तळव्यात रुतायची. मामी रोज मूठ उघडायचा प्रयत्न करायची आणि मामा कळवळायचा. शेवटी त्याच्या फिजिओताईच म्हणाल्या, "हे नुसत्या व्यायामाने सुटणार नाही, पीएमआरला दाखवा." याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. त्यावर ठरावीक स्नायूंमध्ये बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. असर साधारण तीन महिने टिकतो आणि त्या काळात स्प्लिंट आणि व्यायाम नेटाने करायचे असतात. मामाचा हात पूर्वीसारखा झाला नाही. पण तळवा धुता येतो, नखं कापता येतात, रात्री झोप लागते. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

मग शोधायचा कसा?

१. मॅपवर नुसतं 'रिहॅब सेंटर' टाकू नका, व्यसनमुक्ती केंद्रं समोर येतील. 'पीएमआर' किंवा 'फिजिॲट्रिस्ट' असं शोधा.

२. सरकारी संस्थांपासून सुरुवात करा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ती याच कामासाठी. नागपूरच्या एम्समध्येही हा विभाग आहे. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या केसपेपर खिडकीवर विचारा, "पीएमआरची ओपीडी कोणत्या वारी असते?"

३. डिग्री बघा. पाटीवर 'डॉ.' आणि 'रिहॅब' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एमडी किंवा डीएनबी, पुढे पीएमआर, असं हवं. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर डॉक्टरची नोंदणी तपासता येते.

४. डिस्चार्जच्या आधीच विचारा, "पीएमआरचं रेफरन्स लेटर द्याल का?" स्ट्रोकनंतर सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते, म्हणून हा वेळ मोलाचा. सहा महिने उलटले असतील तरी जा, कारण सुधारणा त्यानंतरही होऊ शकते.

पहिल्या भेटीत काय विचाराल?

'बरं कधी होणार?' याचं पक्कं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. त्याऐवजी विचारा: पुढच्या सहा आठवड्यांचं ध्येय काय? घरी कुणी काय करायचं? दर किती तासांनी कूस बदलायची? दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डसाठी काय लागेल? तालुक्याच्या गावी राहत असाल तर प्लॅन लिहून घ्या, तो गावातल्या फिजिओला दाखवा आणि फॉलोअप व्हिडिओ कॉलवर चालेल का तेही विचारा. जाताना डिस्चार्ज पेपर, स्कॅन आणि चालतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ बरोबर ठेवा.

जाता जाता एक नाव सांगतो: डॉ. मेरी वर्गीस. १९५४ मध्ये अपघात झाला आणि त्यांचे पाय कायमचे गेले. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांची ऑपरेशन्स केली, मग न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे हे शास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरच्या सीएमसीमध्ये पुनर्वसन विभाग उभा केला. पुनर्वसन म्हणजे काय, हे त्यांच्याकडे बघून कळतं. जे गेलं ते गेलंच, पण उरलंय त्यात पूर्ण आयुष्य जगायचं.

हा भाग फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवा. आज गरज नसेल, पण कुणाच्या तरी घरी आज डिस्चार्ज होत असेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!