पाचव्या दिवसाचं पाणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, 36 हजार वस्ती, क वर्ग नगरपरिषद. इथल्या पाणीपुरवठा विभागात मी अभियंता आहे. फेब्रुवारीपर्यंत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, आता पाचव्या दिवशी येतं. त्या दिवसांतला हा एक दिवस.

पहाटे 4.15

गजराआधी फोन वाजतो. धरणावरच्या पंपचालकाचा आहे. "मॅडम, चर परत ढासळला. पंप हवा ओढतोय."

धरणात पाणी आहे, पण ते मृतसाठ्यातलं. कालव्याच्या दाराच्याही खाली गेलेलं हे पाणी जॅकवेलपर्यंत, म्हणजे पंपाच्या विहिरीपर्यंत, आपणहून पोचत नाही. म्हणून उघड्या पडलेल्या गाळातून लांब चर खणून ते जॅकवेलकडे आणलं आहे. ओला गाळ दर दोन-तीन दिवसांनी खचतो आणि चर बुजतो. पंपाने हवा ओढली तर तो तापतो, जळूही शकतो. पंप बंद करायला सांगते आणि पोकलेनवाल्याला उठवते.

सध्या आमचा पंप तासाला 80 हजार लिटर पाणी उचलतो. वीस तास चालला तर दिवसाला 16 लाख लिटर. भुयारी गटार नसलेल्या गावाला माणशी रोज 70 लिटर पाणी द्यावं, असा जुना मापदंड आहे. त्या हिशेबाने आम्हाला 25 लाख लिटर लागतं. गावाचे पाच भाग केले आहेत आणि रोज एका भागाची पाळी असते. गळती धरली तर पाच दिवसांतून एकदा माणशी जेमतेम एक पिंप. त्यातच पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी सगळं. म्हणून पंप तासभर बंद राहिला की माझ्या डोळ्यांसमोर साडेतीनशे पिंपं येतात.

पहाटे 5.30

तिसऱ्या भागाची पाळी. निम्म्या गल्ल्यांना सकाळी, निम्म्यांना संध्याकाळी. आठ लाख लिटरची उंच टाकी रात्रभरात भरली आहे. आमचे सगळ्यात जुने व्हॉल्व्हमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, लोखंडी चावी खांद्यावर टाकून चेंबरपाशी उभे आहेत.

मामांच्या हातात आटे मोजलेले असतात. टेकावरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, उतारावरच्या वस्तीचा सहा आटेच. दोन्ही सारखे उघडले तर पाणी उताराकडे धावतं, खालच्या घरांच्या टाक्या भरून सांडतात आणि वरच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. म्हणून वरच्यांना आधी, खालच्यांना नंतर. नकाशावर या आट्यांची नोंद नव्हती. गेल्या वर्षी मी मामांबरोबर गावभर हिंडले आणि प्रत्येक चेंबरचे आटे वहीत उतरवून घेतले. मामा दोन वर्षांत निवृत्त होतील. त्यांच्या हातातलं ज्ञान कागदावर आलं नाही, तर गावातल्या वाटपाचा न्यायही त्यांच्याबरोबर जाईल.

सकाळी 7.00

आता गल्लीच्या शेवटच्या नळाकडे. पाणीपुरवठा नीट चालला आहे की नाही, ते टाकीपाशी कळत नाही, शेवटच्या नळापाशी कळतं.

इथे धार करंगळीएवढी. हंड्यांच्या रांगेमागे एक आजी बसल्या आहेत. "पोरी, साडेपाचपासून बसलेय. वरच्या अंगाला भरून वाहायलंय म्हणं. आमच्याकडं कामून येत नाही?"

कारण दोनशे फुटांवरच सापडतं. एका घरात नळालाच टिल्लू पंप जोडलेला. मोटार चालू झाली की ते घर पुढच्या सगळ्यांचं पाणी ओढून घेतं. धोका एवढ्यावर थांबत नाही. वाहिनीतला दाब शून्याखाली गेला की जिथे जोड सैल असेल, तडा असेल, तिथून आजूबाजूचं पाणी आत शिरतं. आमच्या कितीतरी जुन्या नळजोडण्या गटारीतून गेल्या आहेत. मोटार एका घरात लागते, जुलाब पुढच्या दहा घरांत होतात. मोटार जप्त करून पंचनामा केला. घरमालक ओरडले. मी त्यांना त्या आजींपर्यंत नेलं आणि धार दाखवली. मोटार सुटल्यावर ती धार अंगठ्याएवढी झाली होती.

त्याच नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन क्लोरिन तपासायला ओटी द्रावणाचे थेंब टाकते. पिवळसर रंग येतो. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन हवा. तो आहे. दिवसातला पहिला निर्धास्त श्वास इथे घेते.

शेजारच्या अंगणात एक बाई कालपरवाचं उरलेलं पाणी ओतून देत आहेत. "ताई, शिळं झालंय." मी थांबते. झाकून ठेवलेलं पाणी पाच दिवसांत शिळं होत नाही, ते झाडाला, धुण्याला, संडासला वापरा, असं सांगते. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं मात्र करा, कारण डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

सकाळी 8.45

जलशुद्धीकरण केंद्र. मृतसाठ्याचं पाणी म्हणजे गाळ, शेवाळ आणि वास. जानेवारीतली तुरटीची मात्रा आता पुरत नाही. रोज सकाळी सहा चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा टाकून ढवळायचं, कुठल्या पात्रात गाळ लवकर आणि जड बसतो ते बघायचं आणि दिवसाची मात्रा त्यावरून ठरवायची. गढूळपणा जास्त म्हणून फिल्टर लवकर तुंबतात. ते उलट्या प्रवाहाने धुवावे लागतात. धुण्याचं पाणी पूर्वी नाल्यात सोडायचो. आता ते खड्ड्यात निवळवून परत वर घेतो.

क्लोरिनचा हिशेब मी स्वतः तपासते. 16 लाख लिटरला लिटरमागे 2 मिलिग्रॅम म्हणजे 3.2 किलो क्लोरिन. विरंजन चूर्ण ताजं असेल, त्यात 33 टक्के क्लोरिन असेल, तर पावणेदहा किलो पुरतं. पण पत्र्याच्या गोदामात उन्हाने त्याचा जोर कमी होतो. तो 25 टक्क्यांवर आला की पावणेतेरा किलो लागतं. पोतं तेच, वजन तेच, पण नळाला पोचणारी सुरक्षितता कमी. म्हणून चूर्ण सावलीत, कोरड्या जागी ठेवायचं, आधी आलेलं आधी वापरायचं आणि त्यातला क्लोरिन तपासत राहायचं.

सकाळी 11.00

कार्यालय. टँकरच्या खेपांची नोंद, अधिग्रहित विहिरींचे अहवाल, पंपाचं वीजबिल, थकलेल्या पाणीपट्टीची यादी. जिथे वाहिनी नाही, त्या दोन वस्त्यांना टँकर जातो. प्रत्येक खेपेवर त्याच गल्लीतल्या एका बाईची सही घेतो. तेव्हापासून खेपांबद्दलची भांडणं मिटली आहेत.

आज मुख्याधिकाऱ्यांपुढे पाणी आरक्षणाचं टिपण ठेवलं. त्यातली एक बेरीज इथेही मांडते. माणशी 70 लिटर दिलं तर या गावाला वर्षाला सुमारे 92 कोटी लिटर पाणी लागतं. एक दशलक्ष घनमीटर (दलघमी) म्हणजे 100 कोटी लिटर. म्हणजे गळती आणि बाष्पीभवनासाठी वेगळी तरतूद करावी लागली, तरी अख्ख्या गावाची वर्षभराची गरज एका दलघमीच्या आतली आहे. पाऊस कमी होतो, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उडून जातं, हे खरंच आहे. पण एवढंसं पाणी मे महिन्यासाठी राखता येत नसेल, तर दोष एकट्या पावसाचा नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. 15 ऑक्टोबरच्या साठ्यावरून वर्षाचं नियोजन होतं. उन्हाळ्याची तहान त्या दिवशी ठरते. आपण मात्र तिच्याबद्दल एप्रिलमध्ये बोलायला लागतो.

दुपारी 1.30

मुख्य वाहिनीवर नवव्या किलोमीटरला ओल दिसते, असा एका शेतकऱ्याचा फोन. पारा चाळिशीपार. फिटर आणि दोन मजूर खणत आहेत. भोक सहा मिलिमीटरचं, पेन्सिलीहून बारीक. पण वाहिनीत चार बार दाब आहे. त्या दाबाने एवढ्या भोकातून तासाला सतराशे लिटर पाणी जातं. पंपाच्या वीस तासांत 34 हजार लिटर, म्हणजे जवळपास तीन टँकर. वरच्या मातीवर मात्र नुसता हिरवा ठिपका दिसतो. उन्हाळ्यात एकाच जागी गवत हिरवं का, हा प्रश्न त्या शेतकऱ्याला पडला, म्हणून हे सापडलं. क्लॅम्प बसवला. मी त्यांचे आभार मानले, तर ते म्हणाले, "पाणी आपल्यालाच लागतंय की."

दुपारी 4.00

धरणावरची वीज गेली. पन्नास मिनिटांनी आली. पण पंप लगेच पूर्ण जोराने सुरू करता येत नाही. वाहिनीत हवा शिरलेली असते. ती एअर व्हॉल्व्हमधून निघून जाईपर्यंत व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा लागतो, नाहीतर पाण्याचा दणका बसून जोड सुटतात. बारा किलोमीटरच्या या तीनशे मिलिमीटर वाहिनीच्या पोटातच साडेआठ लाख लिटर पाणी मावतं. वीज पन्नास मिनिटं गेली, संध्याकाळचं पाणी दोन तास मागे पडलं.

अशा वेळी मला लातूर आठवतं. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेमार्गावरच्या आणि पाणी भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांनी केलेलं ते मोठं काम होतं. पण लाखो वस्तीच्या शहराला त्या पहिल्या गाडीचं पाणी माणशी लिटर-दीड लिटरच होत होतं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. धरण आटल्यावर केलेला कितीही मोठा उपाय अपुराच पडतो, हे तेव्हा मनावर कोरलं गेलं.

संध्याकाळी 5.15

पाणी साडेपाचला द्यायचं होतं, आता साडेसातला देता येईल. घंटागाडीच्या भोंग्यावरून तिसऱ्या भागात पुकारा करायला सांगते: वीज गेल्यामुळे पाणी साडेसातला येईल, एक तास मिळेल. गल्ल्यांच्या मोबाइल गटांवरही तेच. कारण सांगायचं, वेळ सांगायची आणि सांगितलेली वेळ पाळायची. पाणी कमी आहे हे लोकांना समजतं. कधी येणार हे कळत नाही, तेव्हा एका बाईची मजुरी बुडते, एका मुलीची शाळा बुडते, रात्रभर कुणीतरी नळापाशी जागत बसतं.

एक वजनदार गृहस्थ येतात. घरी लग्न आहे, त्यांच्या गल्लीला अर्धा तास जास्त सोडा म्हणतात. मी फळ्यावरचं वेळापत्रक दाखवते. लग्नघराला रीतसर अर्ज करून, पैसे भरून टँकर मिळतो. वाहिनीतलं पाणी मिळत नाही, कारण ते चौथ्या भागाचं आहे.

रात्री 9.30

साडेसातला पाणी आलं. शेवटच्या नळाला आठ वाजून पाच मिनिटांनी पोचलं. क्लोरिन तपासला, वहीत लिहिला. टाकी पुन्हा भरते आहे. चर मोकळा आहे.

हे असंच चालावं, असं मला मुळीच वाटत नाही. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. वाहिनी सतत भरलेली असली की घाण आत शिरत नाही, साठवायला लागत नाही, फेकून दिलं जात नाही. मोजून घेतलेलं पाणी माणूस जपून वापरतो. तिथली गोष्ट लहान गावाचीच आहे, म्हणून ती आम्हालाही जमेल. त्यासाठी मीटर हवेत, नव्या वाहिन्या हव्यात, भरलेली पाणीपट्टी हवी आणि ऑक्टोबरमध्ये राखलेला साठा जूनपर्यंत हलू न देणारा आग्रह हवा.

तोवर, तुमच्याही गावाला दिवसाआड पाणी येत असेल, तर तीन गोष्टी आजपासून करा. नळाला मोटार लावू नका. रस्त्यावर ओल दिसली, तर त्याच दिवशी कळवा. येत्या 15 ऑक्टोबरला तुमच्या धरणात किती पाणी आहे आणि त्यातलं पिण्यासाठी किती राखलं, हे नगरपरिषदेत जाऊन विचारा. गल्लीच्या टोकाला हंडा घेऊन बसलेल्या बाईचं पाणी या तिन्हींवर अवलंबून आहे.