अनुकरण, संगणकीय

एका संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या निराळ्या रचनेच्या दुसऱ्या संगणकावर, त्यांत फेरफार न करता, चालविण्याची पद्धती. हिला इम्युलेशन असेही म्हणतात. आज्ञांचे संकेतांक, स्मृतीतील स्थाने दर्शविण्याची रीत व आकड्यांची मांडणी या गोष्टी यंत्रागणिक भिन्न असल्याने एका यंत्राची आज्ञावली सामान्यतः दुसऱ्यास निरर्थक ठरते.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली, तेव्हा ही अडचण ठळकपणे पुढे आली. कंपनीचा १९५९ मध्ये जाहीर झालेला १४०१ हा संगणक हजारो ठिकाणी हिशेब, वेतनपत्रके इ. कामांसाठी वापरात होता. त्यात स्थानांक दशमान पद्धतीने दर्शवीत, तर नव्या मालिकेत ते द्विमान पद्धतीचे होते व स्मृतीचा एकक आठ बिटांचा बाइट हा होता. सर्व आज्ञावल्या नव्याने लिहिणे ग्राहकांना परवडणारे नव्हते. शिवाय १४०१ वरील आज्ञावल्या सुलभपणे सामावून घेणारा २०० हा संगणक हनीवेल कंपनीने डिसेंबर १९६३ मध्येच जाहीर केला होता.

प्रत्येक जुनी आज्ञा वाचून तिच्याऐवजी अनेक नव्या आज्ञा पार पाडणारी आज्ञावली लिहिता येते. परंतु या सदृशीकरणात वेग फार घटतो. यावरील उपाय केंब्रिज विद्यापीठातील एम. व्ही. विल्क्स यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या सूक्ष्मक्रमणाच्या कल्पनेत सापडला. तीनुसार एकेक आज्ञा पार पाडण्यासाठी मंडलांनी करावयाच्या सूक्ष्म क्रिया एका वेगळ्या संचयकात नोंदलेल्या असतात. सिस्टिम/३६० च्या बहुतेक प्रतिमानांत हीच योजना होती. त्यामुळे जुन्या यंत्राच्या आज्ञांचे सूक्ष्मक्रम संचयकात घालताच तीच मंडले त्या आज्ञा पाळू लागत. प्रतिमान ३० हे १४०१ ची कामे मूळ यंत्राहूनही जलद करी. ७०९० सारख्या मोठ्या संगणकांच्या अनुकरणात वारंवार येणाऱ्या क्रिया यंत्रणेकडे व क्वचित येणाऱ्या आज्ञावलीकडे सोपविण्यात आल्या.

या पद्धतीने ग्राहकांचे श्रम वाचले. मात्र अनेकांनी जुन्याच आज्ञावल्या वर्षानुवर्षे चालविल्याने नव्या यंत्रांच्या क्षमतेचा पुरता उपयोग झाला नाही. क्रियांच्या अचूक कालमानावर विसंबणाऱ्या आज्ञावल्यांचे अनुकरणही कठीण असते.

पुढे हव्या त्या रीतीने जुळविता येणाऱ्या मंडलांच्या चकत्यांवर जुन्या संगणकांची रचना पुन्हा उभारणे शक्य झाले. संगणकीय दस्तऐवजांच्या जतनात अनुकरणाला विशेष महत्त्व आहे. कारण नोंदी सुरक्षित राहिल्या, तरी त्या वाचणारी यंत्रे नष्ट झाल्यास त्यांचा अर्थ लागत नाही.