एमबीबीएसवाल्या मित्राला व्हॉट्सॲपवर गोळी विचारताय? आधी हे वाचा

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी एमबीबीएसवाला असतोच. अंगावर पुरळ आलं की फोटो काढायचा आणि त्याला पाठवायचा, "भावा, गोळी सांग ना!" माझी मावसबहीण तिसऱ्या वर्षाला आहे, तिलाही असे मेसेज येतात. म्हणून तिला आणि तिच्या मैत्रिणींना मी विचारलं, टेलिमेडिसिनबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

ई-संजीवनीचं नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. गावातल्या पेशंटचा एसटीचा हेलपाटा वाचतो, हेही पटत होतं. पण फोनवरून कोणतं औषध देता येतं, असं विचारल्यावर सगळ्या गप्प. एकीची शंका मात्र रास्त होती, "पोट दाबून बघितल्याशिवाय अपेंडिक्स कसं ओळखणार?"

याची उत्तरं केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला काढलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहेत. सोप्या भाषेत बघू.

सल्ला कोण देऊ शकतं? फक्त मेडिकल रजिस्टरमध्ये नोंद असलेले डॉक्टर. म्हणजे शिकणारा मित्र कितीही हुशार असला तरी औषध लिहून देऊ शकत नाही. एआय चॅटबॉटलाही ती परवानगी नाही.

कोणतं औषध? पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं फोन, चॅट, व्हिडिओ कशावरूनही सांगता येतात. काही औषधं पहिल्याच वेळी द्यायची तर व्हिडिओ कॉल लागतो. काही फक्त आधी तपासलेल्या पेशंटला, त्याच आजारासाठी. नशा आणणारी, एनडीपीएस कायद्याखालची औषधं ऑनलाइन मिळतच नाहीत.

आणि अपेंडिक्सचं काय? तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टरने "प्रत्यक्ष या" असं सांगायचं. हा निर्णय डॉक्टरचा, ॲपचा नाही. पेशंट स्वतः यायला तयार असेल तर ऑनलाइनचाच आग्रह धरता येत नाही.

मी स्वतः कोड लिहितो, म्हणून सांगतो. व्हिडिओ जोडणं, रिपोर्ट अपलोड करणं, प्रिस्क्रिप्शनची पीडीएफ काढणं ही कामं सॉफ्टवेअर करतं. पण कॅमेऱ्यातून काय दिसत नाही, हे ओळखायला डॉक्टरच लागतो, आणि ते शिकावं लागतं. म्हणूनच या तत्त्वांमध्ये डॉक्टरांसाठी ऑनलाइन कोर्सची अट घातली आहे. माझ्या मते हा विषय कॉलेजातच नीट शिकवायला हवा. उद्या ओपीडीत बसल्यावर या मुलींना मोबाइलवरचे पेशंटही बघावे लागणारच आहेत.

तुम्ही काय कराल?

- प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. तो असणं बंधनकारक आहे.
- जुने आजार, ॲलर्जी, चालू औषधं न विचारता सांगा.
- छातीत दुखतंय, श्वास लागतोय? ॲप बंद करा, १०८ लावा.

आणि मित्राला विचारायचंच असेल तर गोळीचं नाव विचारू नका. "कोणत्या डॉक्टरकडे जाऊ?" एवढं विचारा. ते तो नक्की सांगेल.