मोठे मांजर नव्या घरी टिकते, पण आधी कडी लावा

मे-जून आला की बदलीचे मास्तर सामान बांधतात. टेम्पोत कपाट चढते, खाट चढते, मांजर मात्र मागेच राहते. शेजारच्या मावशी दया येऊन चार दिवस भाकर घालतात, पण त्यांच्याकडे आधीचीच दोन असतात. मग कुणीतरी सुचवतो, "घाला पोत्यात आणि द्या ओढ्यापलीकडे सोडून."

शेतकरी बंधूंनो, हे करू नका. परक्या शिवारात सोडलेल्या मांजराला कुत्री फाडतात, नाहीतर ते उपासमारीने मरते. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

दुसरीकडे, तुमच्याच गावात कुणाची तरी कणगी उंदीर पोखरत असतात. अशा घराला मोठे मांजर पिलापेक्षा सोयीचे. त्याचा स्वभाव आधीच कळतो. सांभाळणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : उंदीर धरते का, माणसांत मिसळते का, कोंबडीच्या पिलांवर झडप घालते का? त्यानेही काही लपवू नये, नाहीतर मांजर आठ दिवसांत परत यायचे.

मांजर जागेला जीव लावते, म्हणून आणल्या आणल्या मोकळे सोडले की ते जुन्या घराच्या वाटेला लागते. नेताना पोते नको, हवेशीर झाकणाची टोपली घ्या आणि झाकण घट्ट बांधा. नव्या घरी एका खोलीत दोन-तीन आठवडे कोंडून ठेवा. पाणी, बसायला जुने बारदान आणि घमेल्यात माती किंवा वाळू ठेवा. घमेले खाण्यापासून लांब असावे. जुन्या घरचे एखादे फडके सोबत आणले तर ओळखीच्या वासाने ते लवकर निवळते. रोज ठरल्या वेळी, एकाच माणसाने हाक मारून खायला घालावे. पहिले एक-दोन दिवस ते कोपऱ्यात दडून राहील, ओढून काढू नका. पुढेही खात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

बाहेर सोडताना खाण्याच्या वेळेच्या थोडे आधी सोडा. भूक लागली की हाकेला परत येते. कुत्रा असेल तर सुरुवातीला बांधून ठेवा.

'पोट भरले की मांजर उंदीर धरत नाही,' असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. पोटभर खाणारे मांजरही शिकार करते, आणि वर घर सोडून जात नाही. मात्र मांजर असलेल्या घरी उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते.

भाटी असेल तर एक काम लांबवू नका. ती दोन महिन्यांत विते आणि वर्षातून दोन-तीनदाही विऊ शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रियेची चौकशी करा आणि रेबीजची लस टोचून घ्या. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जा.

सरपंच आणि सदस्यांनीही बदल्यांच्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहाव्यात : कुणाकडे मांजर आहे, कुणाला हवे आहे. खर्च खडूचा.

कोंडलेले मांजर रात्री ओरडेल, पोरे म्हणतील, "सोडा की त्याला." तीन आठवडे होईपर्यंत कडी काढू नका.