इंधनवायूतील ओलावा व त्याचे निवारण

गोबरगॅसची शेगडी पेटेनाशी झाली, म्हणजे संयंत्रच निकामी झाले असे समजून पुन्हा लाकूडफाट्याकडे वळण्याकडे पुष्कळांचा कल असतो. वस्तुतः कित्येकदा संयंत्र सुस्थितीत असते व अडथळा असतो तो नळीत साचलेल्या पाण्याचा. हे कारण गावकऱ्यांस समजावून देणे शिक्षकबंधुभगिनींना सहज शक्य आहे.

शेणकाल्यातून निघणाऱ्या वायूत मिथेन सुमारे ५५ ते ६५ टक्के असून उर्वरित भाग बहुतांशी कार्बन डायऑक्साइडचा असतो. हा वायू पाण्याच्या सान्निध्यातच निर्माण होत असल्यामुळे वाफेने पूर्ण भरलेला असतो. उष्ण वायूत वाफ अधिक मावते, थंड वायूत कमी. ३० अंश सेल्सिअस तपमानास १ घनमीटर वायूत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांस सुमारे १७ ग्रॅमच. उरलेल्या १३ ग्रॅमचे पाणी होते. रोज २ घनमीटर वायू वापरणाऱ्या घरी तो एवढा थंडावत गेल्यास महिन्याकाठी पाऊण लिटरहून अधिक पाणी सुटेल. कर्जत-खालापूरकडे हिवाळ्यात पहाटे दव पडते, त्या वेळी उघड्यावरील नळीतही हीच क्रिया चालते.

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात वायूचा दाब सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढाच असतो. नळीच्या झोळात तेवढे पाणी उभे राहिले की वायू अडतो. त्याहून कमी असल्यास ज्योत थरथरते. शिवाय वायूतील हायड्रोजन सल्फाइड ओलाव्याबरोबर लोखंड गंजविते.

मोठ्या उद्योगांनाही हीच अडचण येते. आपल्या जिल्ह्यातील उरणच्या प्रकल्पात मुंबई हाय या सागरी क्षेत्रातून वायू येतो. या क्षेत्राचा शोध १९७४ साली लागला. दाबाखाली मिथेन व पाणी यांचा बर्फासारखा घन पदार्थ शून्य अंशाच्या वरही बनतो आणि नळ बुजतो, असे अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवून दिले. म्हणून दूरच्या नळात सोडण्यापूर्वी वायू वाळवितात. त्याकरिता उंच मनोऱ्यात खालून वायू चढतो व वरून ट्रायइथिलीन ग्लायकॉल हा दाट द्रव उतरतो. तो पाणी शोषून घेतो. मग त्यास सुमारे २०० अंशांपर्यंत तापवून पाणी उडवून लावतात व तोच द्रव पुन्हा वापरतात. याहून कोरडा वायू हवा असल्यास सूक्ष्म छिद्रांच्या खड्यांमधून तो नेतात.

घरगुती संयंत्रास एवढा खटाटोप नको. नळीस पाणसळ लावून सारखा उतार द्यावा, झोळ पडू देऊ नये, सर्वांत खालच्या जागी तोटी बसवावी व आठवड्यातून एकदा पाणी सोडून ती घट्ट बंद करावी. त्या वेळी जवळपास चूल, दिवा वा विडी पेटलेली नसावी. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून कधीही पाहू नये.

वर्गात पारदर्शक नळी उकाराप्रमाणे वाकवून तीत पाणी भरावे व विद्यार्थ्यास एका टोकातून हळू फुंकावयास सांगावे. हळू फुंकल्यास हवा अडते, जोर केल्यास बुडबुडत, थांबत थांबत जाते. ज्योत का थरथरते, हे मुले स्वतःच सांगतील आणि घरी जाऊन नळीचा झोळही शोधतील.